डोंगरकड्याची बाई

त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. तिचं नाव मला माहीत नाही, आणि कळायचा मार्गही नव्हता, कारण ते न कळू देणं हीच माझ्या नवऱ्याची नोकरी होती. तरी त्या वर्षी मी तिच्यावर जेवढी जळले, तेवढी सख्ख्या जावेवर कधी जळले नाही. आणि जावेवर जळायला माझ्याकडे कारणं भरपूर होती.

हिंगोली नुकतीच जिल्ह्याचं ठिकाण झाली होती. गावात रोज एखाद्या नव्या कार्यालयाची पाटी लागत होती. आमचे हे त्यातल्याच एका कार्यालयात आकडेमोडीच्या कामाला होते. त्यांना सरकारी पाहणीवर नेमलं. ज्या घरात अपंग लेकरू आहे त्या घराला सरकारच्या कोणत्या सोयी पोचतात, एसटीचा पास मिळतो का, शाळा किती लांब पडते, आणि लेकराला सांभाळणाऱ्या आईचं कसं चाललंय, हे घरोघर जाऊन विचारायचं. सोबत त्या त्या गावची अंगणवाडीची बाई असायची, पण तिनेही दाराशी बसायचं. घरच्या बाकी माणसांना बाहेर पाठवायचं, म्हणजे आई मोकळेपणी बोलेल.

आता गंमत अशी की आमच्याच घरात तसं लेकरू होतं. आमची सहा वर्षांची लेक. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

हे वाईट माणूस नव्हते, ते आधीच सांगते. पोरीला ऐकू येत नाही असं कळलं तेव्हा त्यांनीच तिला नांदेडला डॉक्टरांकडे नेलं, कानाचं मशीन आणलं. पण त्यानंतर जणू आपल्या वाट्याचं काम संपलं असं धरून ते पेपरमागे जाऊन बसले. घरी आले की जेवण, बातम्या, आणि आमटीत मीठ कमी असलं तर तेवढंच एक वाक्य. पोरीबरोबर माझा दिवस कसा जातो, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मला दागिना नको होता, वेगळं घर नको होतं. त्यांनी एकदा माझ्यापुढे बसून तेवढं विचारावं, एवढीच माझी हौस होती.

प्रशिक्षणाहून आले ते नियमांचं गाठोडं घेऊनच. बाईचं नाव-गाव फक्त पहिल्या पानावर लिहायचं. ते पान फाडून वेगळ्या पाकिटात बंद करायचं. उत्तरांच्या पानांवर नुसता नंबर. दोन्ही एका ठिकाणी ठेवायचे नाहीत, म्हणून पाकिटं कार्यालयातल्या कपाटात आणि उत्तरं आमच्या पलंगाखालच्या ट्रंकेत, कुलूप लावून. तिथं ऐकलेलं दुसऱ्या कोणाला, घरच्या माणसांनाही सांगायचं नाही. तशी सही करून आले होते.

मग घरात सराव सुरू झाला. भिंतीकडे तोंड करून हे म्हणायचे, "बाई, घाई न्हाई. आठवंल तसं सांगा. एखाद्या गोष्टीचं सांगू वाटलं न्हाई तर नका सांगू." मी भाकरी थापताना ऐकत होते. तो आवाज मी लग्नापासून ऐकलेला नव्हता. इतका मऊ आवाज यांच्याकडे आहे आणि तो इतकी वर्षं त्यांनी कुठं ठेवला होता, या विचाराने माझी भाकरी तव्यावर करपली.

त्यानंतर आज कुरुंदा, उद्या कनेरगाव नाका, असं चाललं. संध्याकाळी हे कागद काढून तपासत बसायचे. मी चहा घेऊन गेले की पानावर तळहात ठेवायचे. मी काय वाचून गावभर दवंडी पिटणार होते? पण खरं सांगायचं तर मला वाचायचं होतंच. परक्या बाया माझ्या नवऱ्याजवळ मन मोकळं करत होत्या आणि मला चहाचा कप ठेवून मागं फिरावं लागत होतं.

डोंगरकडा गावाचं मला कळलं ते शर्ट धुताना. खिशात एसटीचं तिकीट. आठवड्याने पुन्हा तेच तिकीट. बाकी कुठल्या गावाला हे दोनदा गेले नव्हते.

"डोंगरकड्याला दोनदा काहून गेले?" मी विचारलं.

"एका घरचं अर्धं राहिलं होतं. बाईला काम होतं त्या दिवशी."

डोंगरकडा केळीच्या बागांचं गाव, आणि त्या दिवशी घरात केळी आली होती, चांगली घडभर. ती मी उलटीपालटी करून पाहिली. "ही कोणी दिली?"

"स्टँडवर इकत घेतली. कोणाच्या घरचं घ्यायचं न्हाई आमाला."

पोरीने तीन केळी खाल्ली. मी एकही खाल्लं नाही. माझ्या डोक्यात एक बाई बसली होती. हे पुन्हा येतील म्हणून अंगण झाडून ठेवणारी, आणि जिच्यासाठी माझा नवरा दुसऱ्यांदा गाडीचे धक्के खात जातो, अशी.

आणि मग ती संध्याकाळ. पोर लाकडी पलंगावर पाठमोरी बसून चिंध्यांशी खेळत होती. हे आले, चपला काढल्या, आणि पलंगाच्या फळीवर तळहाताने दोनदा थापटलं. पोर वळली आणि त्यांना बघून हसली. यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. मला म्हणाले, "बघितलं का? फळीचा हादरा कळतो तिला. हाक मारायची गरजच न्हाई."

माझ्या हातात पातेलं होतं ते मी खाली ठेवलं. पोर बसायला लागली तेव्हापासून मी तिला तसंच बोलावत होते. त्याच पलंगावर, त्याच फळीवर, दिवसातून कितीतरी वेळा, यांच्या डोळ्यांसमोर. हे तेव्हा पेपर वाचत असायचे.

"तुमाला कोणी शिकवलं?"

"असंच सुचलं."

"असंच न्हाई सुचत. डोंगरकड्याला बघून आले ना?"

हे शर्ट खुंटीला अडकवायला वळले. मग म्हणाले, "तिथलं इथं बोलता येत न्हाई. सही केलीय मी."

माझा तिळपापड झाला. माझ्या हातात दिसलं नाही ते यांना परक्या बाईच्या हातात दिसलं. तिने केलं म्हणून ते शहाणपण, आणि माझं म्हणजे रोजचं खटलं. वरून तिचं नाव झाकायला सरकारचं कुलूप. पुढचे काही दिवस मी मुकाट्याने वाढत राहिले आणि आमटीत मीठ मुद्दाम कमी घातलं. तेही त्यांनी बोलून दाखवलं नाही, म्हणजे काहीतरी कळलं असावं.

रविवारी विहारातून आलो. जेवणं झाली, पोर झोपली. हे ट्रंक उघडून बसले तशी मी समोर जाऊन उभी राहिले.

"माझं पण लिहा."

"आपलं घर यात येत न्हाई."

"काहून? आपलं लेकरू ऐकून राहिलं काय?"

"तसं न्हाई. जो विचारतो त्याचं घर सोडून द्यायचं असतं. बायकोचं उत्तर नवऱ्यानं लिहिलं तर ते खरं कोण धरंल?"

"नका धरू कोणी. तुमी विचारा फक्त."

त्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग ट्रंकेतून शाई सांडून खराब झालेला, प्रश्न छापलेल्या कागदांचा एक कोरा संच काढला, पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्या घरांमध्ये बसत असतील तसे. नाव लिहिलं नाही, नंबर टाकला नाही. पण बाकी सगळं रीतीने केलं. "बाई" म्हणाले नाहीत एवढंच. "घाई न्हाई," म्हणाले, "आठवंल तसं सांग."

तो मऊ आवाज पहिल्यांदा माझ्यासाठी निघाला. मला हसू यायला हवं होतं, आलं रडू.

मी सांगत गेले. मशीन कानात शिट्टी मारतं म्हणून पोर ते फेकून देते, आणि ते कधीपासून कपाटातच आहे. नळावर जाताना तिचं बोट सोडता येत नाही, मागून गाडी आली तर तिला कळत नाही, म्हणून मी एका हाताने एकच घागर आणते. शेजारची लेकरं तिला खेळात घेत नाहीत तेव्हा तिला घरात ओढून आणावं लागतं आणि ती मला चावते. मी बाही वर करून दंड दाखवला. यातलं यांना काहीच माहीत नव्हतं. चेहरा हलू न देता ते लिहीत होते, जसं शिकवलं होतं तसं.

पान उलटलं. पुढचा प्रश्न त्यांनी नेहमीच्या सरावाने वाचायला घेतला. "लेकराचं करताना घरातलं कोण हातभार लावतं? नवरा, सासू, मोठी भावंडं, शेजारी, की कोणीच न्हाई?" सगळे पर्याय वाचून दाखवायचे, असा नियम होता.

"कोणीच न्हाई," मी म्हटलं.

मला वाटलं, आता म्हणतील, पगार कोण आणतं, नांदेडला कोण घेऊन गेलं होतं. एरवी म्हणालेच असते. पण विचारणाऱ्याने उत्तराशी वाद घालायचा नसतो. त्यांनी शेवटच्या चौकोनात खूण केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

मग खाली बघूनच म्हणाले, "डोंगरकड्याच्या बाईनंबी हेच सांगितलं होतं. येताना गाडीत तिच्या नवऱ्याचा असा राग आला मला. वाटलं, माघारी जावं अन् त्याला बराबर सुनवावं."

तिथलं त्यांनी इथं बोलून दाखवलं ते तेवढंच, पुन्हा कधी नाही. त्यांचे कान लाल झाले होते. मला समाधान वाटायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हे, की यांना राग आला तो तिच्यासाठी. तिच्या घरी हे दोनदाच गेले होते. माझ्याबरोबर तर एका छताखाली राहत होते, आणि माझ्यासाठी तो राग कधी आला नव्हता.

मी जमिनीवरची पेन्सिल उचलून त्यांच्या हातात दिली.

"पुढचं विचारा," मी म्हटलं.