तीन, तीन, तीन, आठ

मी मूळची मिरजेची, आणि आमच्याकडे हळू बोलणाऱ्या माणसाला घरचे आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. लग्न होऊन चेन्नईला आले ती पेरंबूरच्या अशा घरात, जिथे सगळेच हळू बोलत. सासरची माणसं तंजावरकडची मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली, त्यामुळे शब्द मराठी पण हेल तमिळ. घरात निदान अर्धंमुर्धं कळायचं. उंबऱ्याबाहेर मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं. भाजीवाली माझ्याकडे बघून हसायची, मी तिच्याकडे बघून हसायची, आणि मला हवी ती भाजी सोडून भलतीच पिशवीत पडायची.

बी.एस्सी. झालेली बाई मी. घरात बसून किती दिवस हरभऱ्याचं सुंडल परतणार? पण जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न, तमिळ येतं का? अशात एकदा पेपरात जाहिरात दिसली. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे बोलून ठेवतात, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. सगळं इंग्रजीत. पेरुंगुडीला त्यांचं ऑफिस होतं, म्हणजे आमच्यापासून शहराचं पार दुसरं टोक. तिथे शिकवणी झाली आणि मग तिथल्या मॅडम म्हणाल्या, घरून करा, दिवाळीपर्यंत बघू. फाइली वेळेवर आणि बिनचूक आल्या तर कायम करू. नाही आल्या तर काय, ते त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. माझ्यासाठी त्या शहरात एवढं एकच दार किलकिलं झालं होतं.

घरात नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर होता. मेमरी कमी पडेल म्हणून ओळखीतल्या एका मुलानं जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी बसवून दिली, पडद्यावर काहीबाही आकडे बदलले आणि "अक्का, आता पळेल" म्हणाला. मशीन खरंच पळायला लागलं. महिन्याभरानं तो मुलगाही दुबईला पळाला.

मग नवरात्र आलं. आमच्याकडच्या खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात, आणि आमच्या मामंजींसाठी दिवाळीपेक्षा तो सण मोठा. रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं. निवृत्त होऊनही शर्टाच्या खिशात खडू असायचा, लोखंडावर खुणा करायच्या सवयीनं. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार सुटं करून, पुसून, चंदनकुंकू लावून देवीपुढे मांडायचं. त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला सकाळी त्यानंच कामाला सुरुवात करायची, असा त्यांचा नेम. हातोड्या, पाने, नवऱ्याचं बँकेतलं पेन असं सगळं मांडून झालं. मग त्यांनी मला विचारलं, "अम्मा, तुझं आयुध कोणतं गे?" सून असले तरी ते मला अम्माच म्हणत. इथे लेकीबाळींना लाडानं असंच म्हणतात.

सासूबाई म्हणाल्या, तिची पळी ठेवा की. मामंजींनी मान हलवली. "पळी घरची. तिचं आयुध ते," आणि कॉम्प्युटरकडे बोट केलं.

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घरात मी काम करणारी बाई आहे, हे तोवर कुणी असं म्हटलंच नव्हतं. मी पुरणाचं बघायला आत गेले, आणि मामंजींनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझं आयुध उघडलं.

त्यांनी ते इतकं पुसलं, इतकं पुसलं की आतला पंखा नवा दिसायला लागला. मग जसंच्या तसं जोडून, वर चंदनाचा टिळा आणि झेंडूचं फूल. दसऱ्याला सकाळी मी हेडफोन लावून बसले. अमेरिकेतला कुणी डॉक्टर "पेशंटच्या हृदयाचे ठोके" एवढं म्हणाला आणि पडदा थिजला. माउस हलेना, काही हलेना. बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. कधी दहा मिनिटं चालायचं, कधी तास, आणि ऐन फाइल संपत आली की ढिम्म! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मी कसली गप्प बसते! "मामंजी, कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला उघडायला? हातोडी आहे का ती, घासली की चालली?" असं भडाभडा बोलून गेले. ते खिशातला खडू काढून हातात फिरवत बसले आणि थोड्या वेळानं गच्चीवर निघून गेले.

दुरुस्तीवाला आला, त्यानं सगळं पुसून विंडोज नव्यानं घातली. तरी तेच. नवरा म्हणाला, दुसरं मशीन बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी! माझी दिवाळी तोंडावर आली होती. पेरुंगुडीच्या मॅडमचा फोन आला, दोन फाइली उशिरा आल्यात, तब्येत बरी आहे ना? त्यांचा आवाज इतका गोड होता की मला धडकीच भरली.

मग मी पदर खोचला. कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन बसायला लागले. कॉम्प्युटरवेड्या लोकांच्या एका फोरमवर माझं रडगाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी उत्तर: पट्ट्या दोन वेगळ्या आहेत ना, मग मेमरी टायमिंग्ज बघा आणि इथे लिहा. आता टायमिंग्ज म्हणजे काय, हे कुठे मला माहीत? वाचून वाचून एवढं समजलं, की मशीन मेमरीकडे काही मागतं तेव्हा ते हातात येईपर्यंत किती ठोके थांबायचं, ते चार आकड्यांत ठरलेलं असतं. आकडे लहान तर काम झटपट. पण मेमरीला तेवढ्यात जमलं नाही तर सगळा घोटाळा. आणि हे आकडे बघायला म्हणे छोटी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, फुकट.

फुकट! काय एकेक नग होते ते. पहिलं उतरवून सीडीवर घरी आणलं. इतकं मोठं नाव, इतकी चित्रं, आणि नेमके टायमिंगच्या जागी तारे. आकडे बघायचे तर आधी विकत घ्या. दुसऱ्यानं ऐटीत सांगितलं की मशीनमध्ये मेमरी आहे. अरे बाबा, ते मलाही माहीत आहे! तिसरं म्हणालं, तुमचा मदरबोर्ड मला ओळखता येत नाही. म्हटलं, मला तरी इथे कोण ओळखतंय.

मी अशी चरफडत असताना मागे कुणीतरी खाकरलं. मामंजी. दसऱ्यापासून त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणाले, "काय हुडकतेस, अम्मा?" हुडकतेस! हा शब्द मिरजेचा, माझ्या आजोळचा. चेन्नईत तो कानावर पडला आणि माझा राग निम्मा उतरला. मी त्यांना ठोक्यांचं सगळं समजावलं. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर पटलं. म्हणाले, दोन बायका एका उखळात कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर जायच्या आत दुसरीचं खाली आलं तर काय होतं? तसंच ना हे? अगदी तसंच होतं.

"मग तुझी मुसळं बघायचं यंत्र हुडक," म्हणाले, "मी आहे."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर ब्राउझिंग सेंटरला आले. चष्मा पुसून शेजारच्या स्टुलावर बसले. मी इंग्रजी वाचायची, ते "आणिक पुढं" म्हणायचे. असं करत करत फोरमच्या तळाशी एक दुवा सापडला. एवढंसं सॉफ्टवेअर, एका फ्लॉपीत मावणारं, बसवायची भानगड नाही, नुसतं उघडायचं. घरी येऊन उघडलं तर एक करडी चौकट आणि वर बारीक बारीक कप्पे. मेमरी लिहिलेला कप्पा दाबला, आणि अगं बाई, एकाखाली एक चार आकडे!

"वाच, वाच, थिजायच्या आत वाच," मामंजी ओरडले. ते कधी ओरडायचे नाहीत. मी वाचलं, अडीच, तीन, तीन, सात. त्यांनी खडूनं फरशीवर लिहून घेतलं. पुढच्या कप्प्यात प्रत्येक पट्टीला काय झेपतं ते वेगळं दिसत होतं. नव्या पट्टीला तेच, अडीच, तीन, तीन, सात. जुनीला तीन, तीन, तीन, आठ. मामंजींनी तेही खाली लिहिलं आणि तेवढ्यात पडदा थिजला. थिजू दे मेलं! घोडं कुठे पेंड खात होतं ते आमच्या फरशीवर लिहिलेलं होतं. मशीन जुनीलाही नवीच्या वेगानं पळवत होतं.

पण दसऱ्याआधी महिनाभर कसं चाललं मग? तेव्हा मामंजी खाली बघून म्हणाले, "आत एक गोल, चकचकीत बिल्ला होता, अम्मा. मी काढून, पुसून, परत ठेवलों." ती बॅटरी होती. मशीन बंद असतानाही बदललेल्या आकड्यांची आठवण ठेवणारी. ती काढली आणि दुबईला गेलेल्या मुलानं घातलेले आकडे पुसले गेले, मग मशीननं आपल्या मनानं नव्या पट्टीचे धरले. मला हसावं की रडावं कळेना. पण त्यांचा चेहरा बघून मी हसले, आणि मग तेही हसले.

फोरमवर विचारून, मशीन सुरू होताना आकडे बदलायचा जो निळा पडदा येतो, त्यात शिरले.  मामंजी मागून एकेक आकडा सांगत होते, मी घालत होते. तीन, तीन, तीन, आठ. मशीन सुरू झालं. डॉक्टर बोलायला लागला, मी टाइप करायला लागले. संध्याकाळी सासूबाईंनी कॉफी आणून ठेवली, ती निवली, तरी मशीन थांबलं नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला. या वेळी आवाज गोड नव्हता, घाईचा होता. पुढच्या महिन्यापासून जास्त फाइली पाठवते, चालेल ना? चालेल ना म्हणे! मी रिसीव्हर ठेवला आणि मिरजेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले.

पुढच्या वर्षी आयुधपूजेला मी पुरणाचा गंज उतरवून बाहेर आले. हातोड्या होत्या, पाने होते, पेन होतं. कॉम्प्युटर मात्र आपल्या जागी, कपडा झाकून. मी विचारलं, माझं आयुध? मामंजी म्हणाले, "नको अम्मा. तुझी नोकरी आहे त्याच्यावर."

 मी कॉम्प्युटर उचलून देवीपुढे आणला आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. म्हटलं, पुसा. चांगलं खसखसून पुसा.

त्यांनी आधी खात्री करून घेतली. मशीन लावायला लावलं, ते छोटं सॉफ्टवेअर उघडायला लावलं, आकडे वाचायला लावले. मग बंद करून उघडलं, पंखा पुसला, पट्ट्या पुसल्या, बिल्ल्याला हात लावला नाही. झाकण बसवून चंदनाचा टिळा लावला आणि त्याच बोटानं टिळ्याखाली सावकाश चार आकडे लिहिले.

दसऱ्याला सकाळी मी अंघोळ करून आले तर खुर्ची ओढून ठेवलेली, वर हेडफोन. मामंजी दारात उभे होते.

"बस अम्मा," म्हणाले, "घरातलं पहिलं काम आज तुझं."