पेटीची कोरडी बाजू

मांडूळ पाळायला सोपं, असं माझे यजमान म्हणायचे. विष नाही, चावरेपणा नाही, दिवसभर वाळूत तोंड खुपसून पडून राहतं. त्यांच्या हयातीत ते खरंच सोपं होतं, कारण सगळं तेच करत. मला पेटीचं झाकणसुद्धा कधी उघडावं लागलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. यजमान वीजकेंद्रात शिफ्टवर होते आणि आम्ही बोईसरजवळच्या कॉलनीत राहत होतो. मूलबाळ नव्हतं. कॉलनीत कुठे साप निघाला की लोक आमचं दार वाजवत. हे जाऊन धरायचे, कापडी पिशवीत घालायचे आणि लांब सोडून यायचे. हे एक मांडूळ मात्र सोडता आलं नाही. कुणीतरी बागेत आळं खणताना फावडं त्याच्या पाठीवर बसलं होतं. जखम भरेपर्यंत ठेवू, मग घिवली गावाच्या अंगाला एका ओळखीच्या वाडीच्या बांधावर सोडू, असं ठरलं. तिथली जमीन भुसभुशीत, उंदीर भरपूर. असा साप घरात ठेवणं कायद्यात बसत नाही हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. आज कुणी ठेवू नये.

माशांची एक जुनी काचपेटी घरात पडून होती. तिला जाळीचं झाकण केलं. एका कोपऱ्यात बल्ब, दुसऱ्यात पाण्याची वाटी, तळाला चार बोटं वाळू. वाळू जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावरची. आमच्याकडे वाळू हवी म्हटलं की पिशवी घेऊन समुद्रावर जायचं, दुसरा विचार कुणाच्या मनात येत नाही.

जखम भरली. सोडू, सोडू म्हणता होळी आली, आणि होळीनंतरच्या आठवड्यात शिफ्ट संपवून येताना यजमानांची स्कूटर ट्रकखाली गेली. त्याबद्दल इथे अधिक लिहायचं नाही.

क्वार्टर दिवाळीपर्यंत ठेवायला मिळालं. पुढे पालघरला भावाकडची मागची खोली माझ्यासाठी रिकामी होणार होती. भावजयीने एकच गोष्ट बजावली होती, की ते जनावर तिच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. तिचं चुकीचं नव्हतं. म्हणजे दिवाळीच्या आत सापाला बांधावर पोचवायचं, एवढंच माझ्यासमोर होतं. उन्हाळ्यातच एखाद्या सकाळी जाऊन सोडलाही असता. पण मे महिन्यात त्याने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी, आणि डोळे पांढरेच राहिले.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखं एक कवच असतं, ते कातीबरोबर सुटून येतं. हवा कोरडी असली की कात फाटते आणि डोळ्यावरचं कवच तिथेच चिकटून बसतं. यजमानांनी हे कधीतरी सांगितलेलं मी अर्ध्या कानाने ऐकलं होतं. बल्ब दिवसभर चालू, वर पंखा चालू, आणि खोलीत माणसांची ये-जा चालू असताना पेटीकडे कोण बघतो. आता त्याला दिसत नव्हतं आणि ते उंदीर घेत नव्हतं. अशा जनावराला बांधावर सोडणं म्हणजे घारीच्या पुढ्यात वाढून ठेवणं.

उंदरांची अडचण नव्हती. शेजारच्या वहिनी आपला पिंजरा कुंपणावरून माझ्याकडे द्यायच्या.

"घ्या, तुमच्या पाहुण्याला."

"जेवत नाही तो सध्या."

"मग सोडू नका हो याला परत. काल साबणाची वडी खाल्ली मेल्याने."

बोलणं कुंपणावरून व्हायचं. घरात त्या येत नसत. पहिल्या महिन्यात सगळ्या बायका येऊन बसल्या, मग एकेक करून थांबल्या. साप आहे ना घरात, म्हणून येववत नाही, असं सांगायच्या. मलाही ते कारण सोयीचं वाटलं. येऊन बसणाऱ्या बाईसमोर चेहरा कसा ठेवायचा हे मला जमत नसे. संध्याकाळी दार लावलं की घरात मी, बल्ब आणि वाळूचा एक ढीग, ज्यात कुठेतरी साप असे. त्याला माझी ओळख नव्हती. हात आत गेला की तो अंग चोरायचा, हात बाहेर आला की पुन्हा खाली जायचा. काही दिवस असे जात की वहिनींचा पिंजरा सोडला तर मी कुणाशी बोललेलीच नसे.

पाऊस सुरू झाला तेव्हा वाटलं, आता ओल आपोआप मिळेल, पुढची कात नीट निघेल. मी बल्ब बंद करून टाकला. पण वाळू गोळे धरू लागली. पाणी न शिंपडता ती ओली. उन्हाचं नाव नव्हतं, तव्यावर भाजून घातली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकट. एकदा वाटी धुवायला काढताना त्याला उचललं तर पोटाखालच्या खवल्यांवर गुलाबी फोड आलेले. म्हणजे कोरडं झालं तर डोळे जातात आणि ओलं झालं तर पोट सडतं.

सुकट विकणारी दांडीची एक बाई पावसाळ्यात कॉलनीत फिरायची. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असत, तेव्हा डब्यात जपलेले बोंबील आणि जवळा घेऊन ती दारोदार जायची. ती मात्र घरात येई, टोपली ठेवी आणि पेटीसमोर उकिडवी बसे.

"काय गो बाय, दुतोंड्या जेवला का?"

"नाही अजून."

"आता कुटल्या तोंडाचा म्हैना हाय? सा म्हैने एक तोंड, सा म्हैने दुसरं. तू शेपटाला उंदीर दावत असशील."

"दोन तोंडं नसतात त्याला. मागची नुसती बोथट शेपटी आहे."

"तू पायलंस? वाळूत काय दिसतं ते?" मग मान वळवून ती मला म्हणाली, "आनि तू जेवलीस का?"

मी जेवले म्हणून सांगितलं. तिने टोपलीतून मूठभर जवळा काढून ओट्यावर ठेवला आणि तो भाजून खा म्हणाली. त्या संध्याकाळी जवळा भाजला, चवीला मीठ घ्यायला बरणी उघडली, तर मिठाला पाणी सुटलेलं. दर पावसाळ्यात सुटतं. चमचा तसाच हातात धरून मी पेटीकडे गेले, चिमूटभर वाळू उचलून जिभेवर ठेवली. खारट. मिठाने हवेतली ओल ओढून घेतली होती आणि ते जनावर महिनाभर त्या खारट चिखलात पोट घासत होतं. इथे समुद्राच्या वाळूने गिलावा केलेल्या भिंती पावसाळ्यात घाम सोडतात हे आम्ही सगळे बघत आलोय. पेटीची वाळूही तीच आहे, हे मात्र सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सगळी वाळू मी बागेत ओतली. कॉलनीत एक बांधकाम चालू होतं, तिथून नदीची वाळू बादलीभर मागून आणली. तीही बादलीत धुतली, जिभेला लावून पाहिली, पुन्हा धुतली, आणि कढईत परतून कोरडी केली. मुकादम हसला होता. "क्या भाभीजी, रेत का हलवा बनाना है क्या?" मी म्हटलं, हां. फोडांवर औषधाच्या दुकानातून आणलेलं जंतुनाशक पाणी घालून कापसाने पुसत राहिले. यजमान कॉलनीतल्या कुत्र्यांच्या जखमांना तेच वापरत.

मग पेटीचे दोन भाग केले. बल्ब पुन्हा लावला, ती बाजू कोरडी. दुसऱ्या बाजूला फुटक्या माठाचा तळ उपडा घातला, कडेला एक तोंड ठेवलं आणि आत पिळून घेतलेलं गोणपाट. हवं तेव्हा ओलीत जावं, हवं तेव्हा कोरड्यात यावं, त्याचं त्यानं ठरवावं. प्रश्न उरला तो मोजायचा कसा. हवेतली ओल मोजायचं यंत्र असतं हे मला माहीत होतं, पण ते माझ्याकडे कुठून येणार. माझ्याकडे पापड होते.

पापड भाजायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, एक बल्बाच्या बाजूला आणि एक माठाजवळ काचेला टेकवून ठेवायचा. संध्याकाळी मोडून बघायचे. कोरड्या बाजूचा तुकडा कडकन मोडला पाहिजे. माठाजवळचा चामड्यासारखा वाकला पाहिजे. दोन्ही वाकले तर ओल टिकावी म्हणून झाकणावर टाकलेलं कापड काढायचं आणि बल्ब जास्त वेळ ठेवायचा. दोन्ही मोडले तर गोणपाट पुन्हा भिजवायचं. पहिले काही दिवस दोन्ही वाकत होते. नंतर एक एक गोष्ट हलवत गेले आणि जमलं. पोटावरचे फोड सुकायला लागले.

मला हे काम आवडत होतं असं नाही म्हणणार. पण सकाळी पापड भाजायचा असे, म्हणून शेगडी पेटायची, आणि पेटली आहे तर चहाही व्हायचा.

गणपतीच्या सुमारास मांडूळ निस्तेज दिसू लागलं, कात यायची चिन्हं. ते माठाखाली गेलं आणि बाहेर येईना. मी गोणपाट ओलं ठेवत राहिले, माठ उचलून बघायचा मोह टाळला. याच सुमारास भाऊ सामानाची बोलणी करायला पालघरहून आला. कपाट कोण नेणार, टेम्पो कुठला, सगळं ठरलं. मग तो पेटीपाशी उभा राहिला.

"ताई, हे काय करणार आहेस?"

"कात टाकली की सोडणार."

"आणि नाही टाकली तर?"

"टाकेल."

"अगं, साप आहे तो. बाहेर टाक, जगला तर जगला. तू इथे पापड वाळत घालत बसलीस एका सापासाठी."

"वाळत नाही घालत. भाजून ठेवते."

तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "दिवाळीच्या आत ये बाई. मुलं वाट बघतायत." मुलं माझी वाट बघत नव्हती, त्यांची आई मागची खोली मोकळी करून वैतागली होती. पण तो चांगल्या मनाने बोलत होता. मी हो म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी पापड ठेवायला झाकण उघडलं तर माठाच्या तोंडातून कात बाहेर आली होती. मोज्यासारखी उलटी झालेली, अखंड. मी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि डोक्याकडचा भाग बघितला. डोळ्यांच्या जागी दोन गोल, स्वच्छ, काचेच्या टिकल्यांसारखी कवचं. जुनं आणि नवं एकत्र सुटून आलं होतं. मांडूळ बल्बाखाली पडलेलं होतं, ओल्या मातीसारखं तांबूस, आणि त्याचे बारके काळे डोळे चमकत होते. कुणाला तरी सांगावं म्हणून मी दारापर्यंत गेले. कुंपणापलीकडे कुणी नव्हतं. परत आले.

वहिनींचा पुढचा उंदीर त्याने घेतला. त्याच्या पुढचाही घेतला. मग ठेवायला काही कारण उरलं नाही.

यजमानांच्याच कापडी पिशवीत त्याला घातलं, तोंड बांधलं, ती पिशवी भाजीच्या पिशवीत ठेवली आणि एसटी पकडली. दांडीची ती बाई बाजार करून परत चालली होती, माझ्याच बाकावर येऊन बसली.

"पिशवीत काय गो?"

"तोच."

ती झटकन बाकाच्या कडेला सरकली, मग हळूच परत सरकून आली आणि पिशवीकडे वाकून म्हणाली, "जा बाबा जा. सासरी चाललाय जनू." आणि मला, "तू पन जानार ना आता?"

"दिवाळीच्या आत."

"मंग सुकट कोनाला देऊ?" ती म्हणाली. तिचा थांबा आला आणि ती उतरली.

वाडीच्या बांधावर ऊन होतं. चिकूच्या झाडाखाली माती मोकळी होती, उंदरांची बिळं दिसत होती. पिशवी सोडली. ते जरा वेळ तसंच पडून राहिलं, मग तोंड मातीत घातलं आणि आत जायला लागलं, घाई न करता. थोडं अंग बाहेर असताना ते थांबलं. बाहेर राहिलेलं टोक शेपटीचं होतं हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी वाकून बघितलं. मग तेही आत गेलं आणि माती सपाट झाली.

घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. चपला काढल्या, हात धुतले आणि सवयीने पेटीशी गेले. सकाळी ठेवलेले दोन्ही तुकडे तिथेच होते. माठाजवळचा वाकला. कोरड्या बाजूचा कडकन मोडला. मी बल्ब बंद केला.