यादीतली तीन नावं

माझ्या आत्याला नऊ गल्ल्यांत लोक ‘थुंकीवाली’ म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. उलट कुणी नव्याने राहायला आलं आणि नुसतं ‘बाई’ म्हणालं, तर शेजारचंच कुणीतरी ओळख करून द्यायचं, “अहो, ह्या आपल्या थुंकीवाल्या. खोकला आला की ह्यांना सांगायचं, डबी देतात.”

आत्या आरोग्य केंद्राचं काम करायची. घरोघरी जाऊन खोकला किती दिवसांचा आहे, ताप येतो का, वजन उतरलंय का ते विचारायचं, संशय आला की थुंकीच्या तपासणीसाठी निळ्या झाकणाची डबी द्यायची आणि सकाळी ती गोळा करायची. चौदा वर्षं तिने हेच केलं. तिचा कान इतका तयार झाला होता की भिंतीपलीकडे कुणी खोकलं तरी ती हातातलं काम थांबवायची. आतोबा म्हणायचे, “हिच्याशी लग्न करताना मला साधं पडसं झालं होतं, नाहीतर हिने तिथेच डबी काढली असती.”

या चौदांपैकी अकरा वर्षं तिच्याबरोबर धाकटी असायची. धाकटी ही सख्खी बहीण नव्हे. नवरा सोडून गेल्यावर लहान मुलीला घेऊन ती केंद्रात काम मागायला आली, तेव्हा आत्यानेच तिला हाताशी धरलं. दार कसं वाजवायचं, दारात रोगाचं नाव का काढायचं नाही, घरात सासू असेल तर आधी सासूच्या गुडघ्यांची चौकशी कशी करायची, सगळं शिकवलं. पुढे आत्याचं पोटाचं ऑपरेशन झालं. तेव्हा आम्ही सगळे पाळी लावून बसणार होतो, पण धाकटी आठ दिवस दवाखान्यातून हललीच नाही. आत्याचे केस विंचरायची, नर्सशी भांडायची. दोघी एकत्रच दिसायच्या. एकटी दिसली की लोक दुसरीला काय झालं ते विचारायचे.

त्यांचा एक नियम होता. डबीवर फक्त आकडा असायचा. कुठला आकडा कोणाचा, घर कुठलं, माणूस कुठे कामाला जातो, हे एका कागदावर असायचं आणि तो कागद एक आठवडा आत्याकडे, एक आठवडा धाकटीकडे. तिसऱ्या माणसाने तो कधी पाहिला नव्हता.

सातव्या गल्लीत एक काजवाली राहायची. म्हणजे शर्टांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर बसायची. ती दोन महिने खोकत होती आणि आत्या दारात दिसली की खोकला गिळायची. आत्या सहा वेळा गेली. सातव्या वेळी काजवालीने तिला आत घेतलं आणि दार लावून म्हणाली,

“कारखान्यात कळलं तर मला उभीसुद्धा करणार नाहीत.”

“कोण सांगणार?”

“तुम्ही नाही सांगणार?”

“माझ्या तोंडून बाहेर पडलं, तर माझ्या दारात येऊन माझ्या थोबाडीत मार,” आत्या म्हणाली.

काजवाली हसली आणि हसता हसता तिला ढास लागली. दुसऱ्या दिवशी तिने डबी दिली. टीबी निघाला. औषध सुरू झालं. त्याच कारखान्यातल्या आणखी दोघांना आत्याने असंच तयार केलं होतं, एक इस्त्रीवाला आणि एक धागे कापणारी. त्यांचंही औषध सुरू झालं.

नवव्या दिवशी भरदुपारी आमच्या दारावर थाप पडली. मी तेव्हा आत्याकडे राहून शिकत होते. दार मीच उघडलं. काजवाली उभी होती. हातात डबा, डब्यात सकाळचं जेवण तसंच.

“बाहेर बोलवा त्यांना,” ती म्हणाली.

आत्या ओल्या हातांनी बाहेर आली.

“मुकादमाने कागद बघून तीन नावं वाचली. सगळ्यांसमोर. म्हणाला, ह्या तिघांनी घरी जायचं. माझ्या शेजारच्या मशीनवरची बाई खुर्ची उचलून लांब गेली. आता सांगा, मारू का थोबाडीत?”

आत्याने मान खाली घातली नाही. ती खरंच गाल पुढे करून उभी राहिली. काजवाली तिच्याकडे बघत राहिली, मग वळून निघून गेली. ती एकदाही खोकली नाही, एवढं माझ्या लक्षात आहे.

आत्या तशीच चप्पल घालून केंद्रात गेली. तिला वाटलं, केंद्रातूनच नावं फुटली असणार. डॉक्टरांनी तिला बसवलं, कपाट उघडून वही दाखवली.

“हे बघा बाई, इथे रुग्णाचं नाव आणि औषध आहे. कोण कुठल्या कारखान्यात काम करतो हे मला स्वतःलाही माहीत नाही. ते तुमच्या कागदावर असतं.”

मला नंतर तिने सांगितलं, तेव्हाही तिच्या मनात धाकटीचा विचार आला नव्हता. तो आठवडा कागद धाकटीकडे होता हे तिला आठवलं, पण तिला वाटलं, कुणीतरी चोरून पाहिला असेल. म्हणून ती धाकटीच्या घरी गेली ती तिला सावध करायला.

“कुणीतरी हे आपल्या गळ्यात बांधतंय,” ती आत शिरताच म्हणाली. “तू कागद कुठे ठेवला होतास?”

धाकटीने चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. तेवढ्यात तिची मुलगी कामावरून आली. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र होतं. मुलगी आनंदाने म्हणाली,

“मावशी, आईने सांगितलं का? मला घेतलं शर्टाच्या कारखान्यात! आज तर एकदम काजाच्या मशीनवर बसवलं.”

आईने काय केलं ते मुलीला माहीत नव्हतं. ती हातपाय धुवायला आत गेली.

“तूच दिलास,” आत्या म्हणाली.

“दिला नाही. मुकादमाने विचारलं, मी नावं सांगितली. त्याने लिहून घेतली.”

“का?”

“माझी पोर त्यांच्या शेजारी बसणार होती, ताई! तिला लागलं असतं तर? आणि खोटं सांगितलं का मी? आजारी आहेत ना ते?”

“औषध चालू आहे त्यांचं. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यापासून लागण व्हायची भीती उरत नाही. हे तू रोज लोकांना समजावतेस.”

“लोकांना समजावणं वेगळं.”

“मला विचारायचं होतंस.”

“तू नाही म्हणाली असतीस,” धाकटी म्हणाली. मग आवाज चढवून, “तुझ्या ऑपरेशनला आठ दिवस कोण बसलं होतं? तेव्हा नाही विचारलं मी, मला काय मिळेल म्हणून!”

“तेच तर मला कळत नाहीये,” आत्या म्हणाली. “तीच तू आणि हीपण तूच.”

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणीही गॅस बंद केला नाही. आतून मुलगी धावत आली.

आत्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते पेन फिरवत म्हणाले, “बाहेर कळलं तर एकही माणूस तपासणीला येणार नाही. आतल्या आत मिटवू.” मिटवलं म्हणजे काय, तर धाकटीची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला केली. काजवालीसाठी त्यांनी कारखान्याला पत्र दिलं. आत्या ते घेऊन स्वतः गेली. मुकादमाने ते वाचलंदेखील नाही; जागा भरली म्हणाला. इस्त्रीवाल्याला मात्र परत घेतलं, कारण तसा दुसरा हात त्यांना सापडला नाही. धागे कापणारी गाव सोडून भावाकडे गेली. तिचं औषध पुढे चालू राहिलं की नाही, हे आत्याला आजही माहीत नाही.

आत्याने मूग गिळून बसायचं नाकारलं. कागदावरच्या बाकीच्या सव्वीसही घरी ती एकेक करून गेली. “तीन नावं आमच्याकडून बाहेर गेली. तुमचं गेलेलं नाही. पण तुम्हाला ठाऊक असावं.” एवढंच सांगायची. धाकटीचं नाव तिने घेतलं नाही, त्यामुळे लोकांनी तिलाच धरलं. कुणी तोंडावर दार आपटलं. एका म्हाताऱ्याने रिकामी डबी तिच्या पायाशी फेकली आणि म्हणाला, “थुंकायचंच असेल तर तुझ्या शब्दावर थुंकतो.” चार महिने त्या नऊ गल्ल्यांतून एकही डबी आली नाही.

काजवाली केंद्राची पायरी चढायला तयार नव्हती. म्हणून आत्या रोज सकाळी गोळ्या घेऊन तिच्या दारात जायची. काजवाली हात पुढे करायची, गोळ्या गिळायची, रिकामा पेला दाखवायची, दार लावायची. सहा महिने संपत आले तरी दोघींत एका शब्दाचं बोलणं नाही.

मधे शहरातल्या सगळ्या केंद्रांची वार्षिक बैठक झाली. नव्या भागात सगळ्यात जास्त रुग्ण शोधले म्हणून धाकटीला प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या झाल्या. आत्या उभी राहिली. “सर, ह्यांना तिथल्या लोकांची नावं कुणी सांभाळायला दिलीत?” डॉक्टर घड्याळ बघून म्हणाले, “चला, चहा घेऊ.” धाकटीने शेजारी खुर्ची राखून ठेवली होती. आत्या तिच्या समोरून गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. घरी आल्यावर मात्र ती स्वयंपाकघरात लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. आतोबा नुसते पाणी घेऊन उभे राहिले. त्यांनाही त्या दिवशी विनोद सुचला नाही.

शेवटच्या गोळीच्या दिवशी काजवालीने पेला दाखवला आणि दार लावलं नाही.

“कोपऱ्यावरच्या घरात माझी जाऊ राहते. महिनाभर खोकतेय,” ती म्हणाली. “मी तुम्हाला पाठवलं असं सांगू नका. आणि मी माफ केलं असंही समजू नका.”

“नाही समजत,” आत्या म्हणाली.

ती कोपऱ्यावरच्या घरी गेली. दोन दिवस दार उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी फट पडली, आणि आतल्या बाईने आत्याच्या मागे गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं.

“तुमच्याबरोबर असायच्या त्या दुसऱ्या बाई, ज्यांची पोरगी जावेच्या मशीनवर बसते, त्या कुठे आहेत?”

“त्या आता येत नाहीत.”

बाईने साखळी काढली.