चौथ्या लेथवरचा गेज

तर काल गोष्ट सांगता सांगता तीनशे बारा लाल खुणांपाशी आलो आणि चहा आला, म्हणून तिथंच राहिलं. त्या खुणा पडल्या महांतेशच्या कामावर. महांतेश म्हणजे आमच्या नातीच्या, शिवलीलेच्या, बेंगळुरूच्या ऑफिसातला सगळ्यांत जुना माणूस, अथणीकडचा. कंपनीचा निम्मा कोड त्याच्या हातचा. पण लिहिणारे सात आणि वळणंही सात. कुणी ओळ चार जागा सोडून सुरू करणार, कुणी दोन. कुणी कंस ओळीच्या शेवटी उघडणार, कुणी खालच्या ओळीवर. एकाचं लिहिलेलं वाचताना दुसऱ्याचे डोळे फिरायचे, आणि निम्मी मीटिंग कंसांच्या भांडणात जायची. म्हणून शिवलीलेनं चार महिने खपून सगळ्यांकडून नियम ठरवून घेतले आणि ते तपासणारा प्रोग्राम बसवला. कुणी काम पाठवलं की हा ते वाचणार, नियम मोडला तिथं लाल खूण करणार आणि काम परत धाडणार.

पहिलंच परत गेलं महांतेशचं, तेही खुणा सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसतील असं. आमच्या गावच्या शाळेत मास्तर पाटी उंच धरून चुका वर्गाला दाखवायचे. ते पोर मग दिवसभर काही शिकत नसे, नुसतं मान खाली घालून बसे. महांतेशचं तेच झालं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लीला, चौदा वर्षं लिहितोय. आता यंत्रानं माझं अक्षर सुधारायचं का?" बाकीचेही त्याच्याच बाजूला गेले. मॅनेजर हेमलता मॅडमनी सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत हे मिटलं नाही तर प्रोग्राम बंद. चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार, हे पोरीला दिसत होतं.

बुधवारी तिचा बाप, आमचा बसवंत, चष्मा घरी विसरला. तो द्यायला ती पीण्याला, बेंगळुरूच्या कारखान्यांच्या भागात, त्याच्या वर्कशॉपात गेली. बसवंत लेथवर. जॉब, म्हणजे कातलेला भाग, उतरला की लेथला टांगलेला मापाचा गेज काढायचा, जॉबमध्ये घालून बघायचा. बसला तर ट्रेमध्ये, नाही बसला तर पुन्हा मशीनवर. तपासणारे साहेब दारापाशी वेगळे बसलेले. लहानपणापासून बघितलेलंच सगळं, पण त्या दिवशी तिनं विचारलं, साहेब तपासतातच ना, मग तुम्ही कशाला?

बसवंत हात पुसत म्हणाला, "साहेबांनी परत पाठवला तर ती लाज. इथं मलाच कळलं तर ते नुसतं काम. आणि सोमवारी आधी गेजच तपासून घेतो आम्ही."

दोन दिवसांत पोरीनं आपला प्रोग्राम, तो तपासनीस, दारावरून उचलला आणि ज्याच्या-त्याच्या मशीनवर बसवला. पाठवण्याआधी आपल्या खुणा आपणच बघायच्या, दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत. जागा आणि कंस तर एक बटण दाबलं की आपोआप सरळ. आणि आधी गेज तपासायचा म्हणून शुक्रवारी मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर तिनं स्वतःचंच जुनं काम लावलं. एक्केचाळीस लाल खुणा.

महांतेश खुर्चीत पुढे सरकला. "अगं, नियम लिहिणारीच्या एक्केचाळीस?" म्हणून तो इतका हसला की सगळी खोली हसली. हसून झाल्यावर म्हणाला, "सरी, चालेल, आधी माझ्या मशीनवर टाक."

हेमलता मॅडमनी विचारलं, ही पद्धत कुठल्या मोठ्या कंपनीतून आणलीस? शिवलीलेनं मान ताठ ठेवून सांगितलं, "छोटीच आहे मॅडम, पीण्यात. अकरा लेथ आहेत. चौथ्या लेथवर आमचे अप्पा."