टेकडीवरचं पाणी

ऋता नागपूरची. २००६ साली अमेरिकेत, कॅरी गावात, माझ्या मुलाकडे, सिद्धेशकडे, वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. मी सहा महिन्यांसाठी गेलो होतो. कराडला चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. कॅरीत गाडीशिवाय कुठं जाता येत नाही आणि मला ती चालवता येत नाही, म्हणून दिवसभर घरात. ऋताही पीएचडीचा प्रबंध लिहीत घरातच. चार वर्षं ती नागपूरला गेली नव्हती. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला; शिकतेय तोवर राहता येतं, पण देशाबाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नाही. मे महिन्यात प्रबंध द्यायचा आणि कायमचं घरी जायचं, असं तिनं आईला कळवलं होतं. तिकीटही काढलं होतं.

प्रबंध असीरियन साम्राज्याच्या सरहद्दीवरल्या एका किल्ल्यावर. तुर्कस्तानातली टेकडी, माथ्यावर सत्तावीसशे वर्षांपूर्वीची कच्च्या विटांची भिंत. तिचं म्हणणं, साम्राज्य तिथे गोडीनं पोचलं. पायथ्याच्या गावातल्या शंभर माणसांनीच एका उन्हाळ्यात किल्ला बांधला. तिनं फोटो दाखवले. कोपरे ओळंब्यात, सरळ उभे होते. मी विटा किती ते विचारलं. चार लाख. माती माथ्यावरचीच, पाणी खालच्या नदीचं.

"पाणी कुणी वाहिलं?"

तिनं वह्या चाळल्या. पाणी मोजलंच नव्हतं.

एका विटेला अर्धी घागर. दोनशे फुटांचा चढ. धडधाकट माणूस दिवसाला एकेका घागरीच्या वीस खेपा करील, एकविसावी नाही.

"तुझी शंभर माणसं शंभर दिवस नुसतं पाणीच वाहतील. विटा कोण पाडणार?"

"गाढवं असतील की, काका."

"हाडं सापडली?"

"दोन गाढवांची." ती हसली. गावामागे एकसारख्या खोल्यांच्या रांगा निघाल्या होत्या, आत परक्या घडणीची भांडी. त्या तिनं व्यापाऱ्यांच्या धरल्या होत्या. ती माणसं दुरून पकडून आणलेली असणार, असं ती हळूच म्हणाली.

"किल्ला झाल्यावर त्यांना परत जाऊ दिलं असेल का?"

"एक भिंत झाली की दुसरी असते, पोरी."

जेवताना सिद्धेश तिला म्हणाला, पाणी तळटीपेत टाक आणि सुट. मला म्हणाला, बाबा, लोकांच्या घरात गिलावा तपासायची खोड गेली नाही तुमची. सकाळी ऋतानं तिकीट कॅन्सल केलं. आईला फोनवर म्हणाली, या मेमध्ये नाही जमत, अर्धं पुन्हा लिहायचंय.

मी विचारलं नसतं तर ती गेली असती. पण चुकीचं माप मला सोडवत नाही.

मार्चमध्ये तिनंच मला विमानतळावर सोडलं. तपासणीच्या दोरीपर्यंत आली. पुढे फक्त तिकीट असलेल्यांना सोडतात.