परसातल्या काळ्या खारी

आमच्या परसातल्या खारी काळ्या झाल्या, तेव्हा त्याचा माझ्या लग्नाशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाऊस नव्हता, नळाला पाणी नव्हतं, पण जिल्हा होता! पानवालासुद्धा विडा हातात ठेवताना म्हणायचा, "घ्या गुरुजी, जिल्ह्याचं पान." मी शाळेत विज्ञान शिकवायचो. वय सत्तावीस आणि डोकं साठीचं. (वरून. आतून कसं होतं ते पुढं कळेलच.) उलट आमचे वडील, अण्णा! पन्नाशी उलटली तरी डोक्यात औषधालाही पांढरा केस नाही. आधीच्या स्थळाची माणसं तर चहा पिऊन जाताना आईला म्हणाली, "थोरल्याला बघितलं, आता नवरदेव दाखवा की."

तेव्हापासून दर रविवारी, आई देवळात गेली की मी न्हाणीला आतून कडी लावून केस काळे करायला लागलो. अडचण एकच, पाण्याची. टँकरच्या पाण्यावर आईचा पहारा. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं आणि अंघोळीचं परसातल्या लिंबोणीला. त्यात काळं पाणी दिसलं असतं तर मेलोच! म्हणून मी तांब्याभर पाण्यात डोकं उरकायचो, उरलेला रंग जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसायचो आणि त्या ओल्या चिंध्या न्हाणीच्या पत्र्याखालच्या फटीत खुपसून द्यायचो. धुवायला नकोत, कुणाला दिसायला नकोत. अशा कामाला डोकं लागतं!

एका सकाळी आई परसातून ओरडली, "आरं, पळत ये! खार बघ कशी झालीय!"

लिंबोणीच्या फांदीवर खार बसली होती. काळी कुळकुळीत! पाठीवरचे पट्टे गायब. तिच्या मागोमाग दोन पिल्लं आली, तीही काळी.

"रामाची बोटं पुसली की रं," आईनं गालावर मारून घेतलं. "म्हणूनच पाऊस न्हाई."

"आई, याला शास्त्रीय कारण असतं. शरीरातलं काळं द्रव्य वाढतं."

"तुला काय ठाऊक?"

"मी विज्ञानाचा मास्तर आहे!"

अण्णा दात घासत म्हणाले, "जिल्हा नवा, तर खारीबी नव्याच की."

दुपारपर्यंत सगळी गल्ली परसात. शेजारच्या सुलाबाईंनी लिंबोणीला हळदकुंकू वाहिलं. कुणी म्हणे शनीचा कोप, कुणी म्हणे नव्या कलेक्टरला कळवा. मी रिकाम्या टिपाडावर चढून काळ्या द्रव्यावर भाषण ठोकलं. शाळेत पोरं माझं ऐकत नसत, इथं म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, मी रोज भाषण द्यायला लागलो!

त्याच दिवसांत नांदेडचं स्थळ आलं. मुलगी कुसुम, बी.एस्सी. झालेली. आम्ही बघायला गेलो तेव्हा माझे केस ताजे काळे होते. ती मला बघताक्षणी आवडली. हे स्थळ हातचं गेलं तर दुसरं बघायचंच नाही, असं मी पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत ठरवून टाकलं. पण ती मान वर करेना. शेवटी मी म्हणालो, "आमच्या परसात काळ्या खारी आहेत."

मान झटकन वर! "पूर्ण काळ्या? पिल्लंसुद्धा?"

"अख्खं खानदान!"

"बाबा, मला बघायच्यात."

तिचे वडील हसले. "घर बघायला यायचंच हाय. हिलाबी घेऊन येतो."

मी हवेत तरंगतच लातूरला आलो आणि टँकर यायचा बंद झाला. प्यायला पाणी शेजारच्या गल्लीतून, डोक्याला कुठलं? रविवारमागून रविवार कोरडे गेले. भांगातून पांढरं डोकावायला लागलं. पाहुणे यायच्या दिवशी मी अण्णांची टोपी कानापर्यंत ओढली.

"घरात टोपी कशाला घातलीस?" आई.

"ऊन लई हाय."

"घरात?"

तेवढ्यात पाहुणे आले. कुसुम, तिचे वडील आणि आत्या. कुसुमनं चहासुद्धा घेतला नाही, तडक परसात. तिनं तळहातावर शेंगदाणे ठेवले तशी थोरली खार खाली उतरली. मी बाजूला उभा राहून काळ्या द्रव्यावर सुरू झालो.

"पण गुरुजी," ती खारीवर डोळे रोखून म्हणाली, "हिच्या केसांच्या मुळाशी पांढुरकं येऊन राहिलंय."

"कुठं? कुठं?" मी घाईनं वाकलो आणि टोपी शेंगदाण्यांवर पडली!

कुसुमनं खारीकडं बघितलं. मग माझ्या भांगाकडं. मग पुन्हा खारीकडं. खार घाबरून पत्र्यावर पळाली, फटीतल्या घरट्यात घुसली आणि तिच्या धक्क्यानं एक काळी चिंधी आईच्या पायाशी येऊन पडली.

"हे तर तुझं बनियन!" आई गरजली. "तरी म्हनलं, दर महिन्याला बनियन जातंय कुठं!"

"तांब्याभर पाण्यातच डोकं उरकायचो गं आई, उरलेला रंग बनियननं पुसायचो," मी कबूल करून टाकलं.

कुसुम पदर तोंडात कोंबून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. (दुष्काळात आमच्या घरात तेवढंच पाणी.)

"काय झालं गं?" आत्यानं विचारलं.

"काही न्हाई आत्या. खारीचं आन गुरुजींचं काळं द्रव्य एकच हाय."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पाहुणे ओसरीवर जाऊन कुजबुजायला लागले. मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलो. नांदेड संपलं, कुसुम संपली. मग तिचे वडील आले.

"पोरगी हाव म्हणून राहिली."

"काय?"

"म्हणती, तांब्याभर पाण्यात डोकं धुणारा माणूस संसार नीट करील. पर एक अट हाय. रंग बंद."

मी इतक्या जोरात हो म्हणालो की लिंबोणीवरच्या सगळ्या खारी पळाल्या.

चिंध्या काढल्या. लग्नापर्यंत खारींच्या पाठीवर पट्टे परत आले आणि माझं डोकं कापसासारखं पांढरं झालं. मांडवात मी आणि अण्णा शेजारी शेजारी उभे होतो. नांदेडचे भटजी मुंडावळ्या घेऊन आले, आम्हा दोघांना निरखून बघितलं आणि मला अदबीनं म्हणाले, "काका, जरा बाजूला सरका, नवरदेवाला मुंडावळ्या बांधायच्यात."

आणि अण्णांनी मान पुढं केलीसुद्धा होती!