मागच्या खोलीतलं नेट

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आप्पांचं तोंड दुधाने कधीच पोळलं नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. उभा जन्म त्यांनी बाजारातल्या एका छोट्या दुकानात स्टॅबिलायझर विकले. वीज मधेच उसळली तर घरातल्या यंत्रांचं काय होतं, याचं वर्णन ते असं रंगवायचे की पत्ता विचारायला आलेला माणूसही एक डबा काखेत मारून घरी जायचा. आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असंही नव्हतं. त्यांच्या घरात फ्रिजला स्टॅबिलायझर होता, टीव्हीला होता, मिक्सरला होता. दुकान बंद केल्यावर उरलेला माल घरी आला, तेव्हा टेबलावरच्या दिव्यालाही एक मिळाला. भिंतीतल्या सॉकेटात कुठलीही वस्तू थेट लावायची नाही, हा घरचा कायदा. मधे आप्पांनी स्वतः जोडलेला, आत फिल्टर बसवलेला लाकडी बोर्ड हवाच.

“आमचं लग्न ठरलं तेव्हा मधे बोर्ड लावायचं यांना सुचलं नाही,” माई म्हणायच्या, “नाहीतर माझं स्थळ पलीकडेच अडकलं असतं.” माई म्हणजे आप्पांची बायको. या घरात स्टॅबिलायझरशिवाय चालणारं एवढं एकच माणूस होतं.

अशा घरात लेक राहायला परत आली. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणं, हे तिचं काम. बरीच वर्षं ती परगावच्या केंद्रात होती. पुढे केंद्राने लांबच्या मुलांना पडद्यावरून शिकवायला सुरुवात केली, आणि ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. आप्पा एवढंच म्हणाले, “मागच्या खोलीतला पंखा जरा आवाज करतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी पंख्याला तेल घातलं, पडदा बदलला आणि खोलीत दोन नवे बोर्ड बसवले. त्यावरून माईंनी ओळखलं, की स्वारीला आनंद झालाय.

पण नेटचा डबा होता पुढच्या खोलीत. मधे लांबलचक बोळ, बोळात लोखंडी कपाट, आणि भिंती आप्पांच्या वडिलांनी बांधलेल्या. भीती या घराण्यात वडिलोपार्जित होती, त्यामुळे भिंती हातभर जाड. वायफाय बोळापर्यंत हसतखेळत यायचं आणि कपाटापाशी दम सोडायचं. डबा कपाटावर ठेवून झाला, खिडकीत टांगून झाला. मधे एक रिपीटर लावला, तर तो अर्धं ऐकून पुढे सांगणाऱ्या शेजारणीसारखा निघाला. बोळातून लांब केबल टाकली, तेव्हा न्हाणीघराचं दार लागेना आणि माई चहाच्या ट्रेसकट धडपडल्या. भिंतीला भोक पाडायचं, तर आप्पा आडवे. “आत वायरी कुठून गेल्यात ते फक्त वडिलांना ठाऊक होतं, आणि ते आता सांगायला येणार नाहीत.”

मग एक दिवस व्हायचं ते झालंच. एका शाळकरी मुलीने पुष्कळ सरावानंतर कासवाची गोष्ट पहिल्यांदा न अडखळता वाचली. वाटेत नेटने त्या गोष्टीची खांडोळी केली. मागच्या खोलीत ऐकू आलं, “का-का-का-सव.” लेक मायेने म्हणाली, “छान. आता पुन्हा एकदा, सावकाश.” तिकडे पोरीने जे भोकाड पसरलं, ते मात्र नेटने अगदी नीट पोचवलं. तिच्या आईने फोन करून सांगितलं, तेव्हा लेकीला सगळा प्रकार कळला.

जेवताना तिने घास तसाच ठेवला. “अडखळतंय ते पोर की नेट, हेच मला कळेना झालंय. अशाने मी त्यांना शिकवते का आणखी बिघडवते? केंद्राजवळ एक खोली पाहिलीय. घरमालकीणबाईंना रविवारी हो की नाही ते कळवायचंय.”

आप्पांनी मनात हिशेब केला. ती गेली की घरात पुन्हा दोन म्हातारी माणसं आणि ढीगभर स्टॅबिलायझर. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण आप्पांच्या मनातलं काहीही थेट बाहेर येत नसे.

“त्या खोलीला अर्थिंग आहे का, विचारलंस?” ते म्हणाले.

माईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पा बाजारात गेले. त्यांच्या जुन्या दुकानाशेजारी कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकानदाराने आधी नव्या वायरलेसचा तीन डब्यांचा संच काढला. हा घरभर जाळं विणतो म्हणाला.

“हवेवर चालणारं नको. हवेवर कोणी संसार करतं का? आमच्या भिंती पाहिल्यात ना तुम्ही?”

भिंती पाहिल्या होत्या. दुकानदाराने निमूटपणे तो संच आत ठेवला आणि साबणाच्या वडीएवढे दोन डबे पुढे केले. पॉवरलाइन अडॅप्टर. एक राउटरपाशी सॉकेटात लावायचा, दुसरा मागच्या खोलीत. घरातली विजेची वायर आहे तीच, नेट तिच्यावरूनच जातं. आप्पांना पटेना, आणि मग एकदम इतकं पटलं की त्यांचे डोळे चमकले. म्हणजे ज्या वायरी वडिलांनी त्या भिंतींतून ओढल्या, त्यांच्यावरूनच लेकीचं नेट जाणार!

“फक्त सरळ भिंतीत लावा हं, आप्पा,” दुकानदार म्हणाला.

आप्पांनी मान डोलावली. बेफिकीर माणसांपुढे ते नेहमी अशीच मान डोलवायचे.

घरी येऊन त्यांनी दोन्ही डबे उत्तमातले उत्तम बोर्ड निवडून त्यांत बसवले. पुढच्या बोर्डामागे एक स्टॅबिलायझरही जोडला. एवढी नाजूक वस्तू, आणि उघडी टाकायची? डब्यांवर लाल दिवा लागला. लेकीने लॅपटॉपला केबल जोडून मैत्रिणीला फोन लावला. पडद्यावर मैत्रिणीचं कपाळ आलं. बाकीची मैत्रीण काही आली नाही. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हे.

“राहू द्या, आप्पा,” लेक म्हणाली. “तुम्ही खूप केलंत.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे मागच्या खोलीत जाऊन पुस्तकं खोक्यात भरायला लागली. आप्पा पुढच्या खोलीत बोर्डासमोर स्टूल घेऊन बसले.

“आता काय झालं याला?” माईंनी विचारलं.

“बोर्डात काही दोष नाही,” आप्पा दुखावल्या आवाजात म्हणाले, आणि दुकानातली जुनी टकळी आपोआप सुरू झाली. “आपला बोर्ड म्हणजे आपला बोर्ड. विजेवर स्वार होऊन काय वाटेल ते येऊ दे, हा पुढे जाऊ देणार नाही. शुद्ध वीज तेवढी आत, बाकी सगळं...”

“आणि नेट कशावर स्वार होऊन येतं म्हणालात?”

आप्पा स्टुलावरून ताडकन उठले. घोडं पेंड खात होतं ते इथे! इतकी वर्षं छातीठोकपणे जे गिऱ्हाइकांना सांगितलं, ते बोर्ड अगदी इमानेइतबारे करत होता. चोराबरोबर पाहुण्यालाही तो दारातूनच हाकलत होता.

डबा बोर्डातून उपटायला वेळ लागला नाही. तो भिंतीतल्या उघड्या सॉकेटापाशी नेताना मात्र आप्पा दोनदा मागे सरले. जन्मात असं केलं नव्हतं. “माई, जरा लांब उभी राहा,” ते म्हणाले, आणि डोळे मिटून डबा आत दाबला. काही जळलं नाही. मग मागच्या खोलीत जाऊन दुसराही तसाच लावला. डोळे उघडले तेव्हा दिवा हिरवा होता.

लेकीने एकदा दिव्याकडे आणि एकदा बोर्डाशिवायच्या डब्याकडे पाहिलं. दुसरं तिला जास्त नवलाचं वाटलं असावं. “तुम्ही पुढे जाऊन माईच्या फोनवर बसा,” ती म्हणाली. “मी इथून कॉल लावते. काहीही बोला, पण सलग बोला.”

आप्पा पुढे येऊन बसले. फोनवर लेक दिसली, अख्खी, हनुवटीसकट. आप्पांनी गिऱ्हाइकाला सांगायचे ते सगळं सांगून टाकलं. एक शब्द तुटला नाही. मग बोलणं संपलं. लेक पडद्यावरून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्यामागे अर्धं भरलेलं खोकं दिसत होतं.

“त्या बाईंना हो म्हणून कळवलंस का?” आप्पांनी विचारलं.

“उद्या कळवायचंय.”

“नको कळवूस.” आप्पांनी फोन जवळ धरला. “जाऊ नकोस तू. घर खायला उठतं गं.”

फोनमधून काहीच आलं नाही. लेकीचा चेहरा जागच्या जागी थांबला होता. गेलं वाटतं पुन्हा, आप्पांच्या मनात आलं. पण तिच्यामागचा नवा पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, छान, सलग.

“अडकलं का हो?” माईंनी विचारलं.

बोलता बोलता थांबलेल्या पोराचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, त्याला वेळ द्यायचा, हे लेक पोरांच्या आयांना सांगायची. आप्पांनी ते बोळात उभं राहून कितीदा ऐकलं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “बोलेल ती. थांब जरा.”

थोड्या वेळाने लेकीने डोळे पुसले. “आप्पा, हे समोर बसून नसतं का सांगता आलं?”

“आलं असतं,” आप्पा म्हणाले. “पण मग लाइन तपासायची राहिली असती.”

लेक हसली. मागच्या खोलीतून ते हसणं आधी बोळातून आलं, आणि क्षणभराने फोनमधून. आप्पांनी ते दोन्हीकडून ऐकलं.

“नाही म्हणून कळवते,” फोन म्हणाला. तेवढ्यात स्वतः लेकच बोळातून धावत आली.